दुष्काळ कुठल्या कपाटात असतो?

खरसुंडीनं आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर 'दुष्काळ १९७२' असं टाइप केलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर आलं, शून्य नोंदी. तिनं 'बहात्तरचा दुष्काळ' टाकलं. शून्य. मग 'मिलो'. शून्य. 'सुकडी' टाकल्यावर संगणकानं जरा वेळ घेतला, तिला आशा वाटली, आणि पुन्हा शून्यच. ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, आमची आज्जी खोटं बोलती का मग?"

मी माणदेशातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. मुलांना नावाऐवजी गावानं हाक मारायची मला खोड आहे. हजेरीत एकाच आडनावाची पाचपाच मुलं असली की तेच सोयीचं पडतं. तर ही खरसुंडी. त्या वर्षी वर्गात दिघंची होता, झरे होती, नेलकरंजी होता, करगणीचे दोघं होते. सगळे मिळून चौदा. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही बहात्तरचा दुष्काळ घेतला होता आणि फेब्रुवारीत एक दिवस कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जायचं ठरलं होतं. विषय मुलांनीच निवडला. घरात एक आज्जी असली की अर्धा प्रकल्प झालाच, असा त्यांचा साधा हिशेब होता.

माझा हिशेब मात्र धास्तीचा होता. त्याआधी एकदा मी मुलांना असंच एका मोठ्या ग्रंथालयात नेलं होतं, दुसऱ्या एका विद्यापीठाच्या. तो दिवस आठवला की अजून कान गरम होतात. प्राचार्यांचं पत्र घेतलं होतं, एसटीचं आरक्षण केलं होतं, डबे घ्यायला सांगितले होते. तयारी म्हणजे एवढंच, अशी माझी समजूत. बॅगा बाहेरच्या खिडकीत ठेवाव्या लागतात हे मी मुलांना सांगितलं नव्हतं, त्यामुळे वह्या बॅगेतच राहिल्या आणि निम्मी मुलं हात हलवत आत गेली. कपाटांच्या रांगा बघून ती अशी दबली, की चार तास भिंतीच्या कडेकडेनंच फिरली. काहींनी विश्वकोशाच्या खंडातली पानं मन लावून उतरवून घेतली. तोच खंड आमच्या कॉलेजात दारासमोरच्या कपाटात आहे. जिन्यावर फोटो मात्र झकास आले. परतीच्या गाडीत एका मुलीनं अगदी निरागसपणे विचारलं, "मॅडम, आपण तितं नक्की काय शोधायला गेलतो?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या ग्रंथालयात काही कमी नव्हतं. मीच मुलांना विहिरीवर नेलं होतं आणि पोहरा घरी विसरले होते.

म्हणून यावेळी खरसुंडीच्या त्या शून्य नोंदी बघून मला खरं तर बरं वाटलं. सुरुवात तिथूनच करायची होती. आज्जी खोटं बोलत नाही आणि संगणकही बोलत नाही. दोघांचे शब्द वेगळे आहेत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं, घरचे शब्द. उजव्या बाजूला, कपाटातले शब्द. डावी बाजू भरायला मुलांना अजिबात वेळ लागला नाही, कारण दिवाळीच्या सुट्टीत ती आज्ज्या-आजोबांशी बोलून आली होती. मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची म्हणे, आणि गिळताना घशात फिरायची. सुकडी, कामावर पोरांना मिळायचा तो कोरडा खाऊ. खडी फोडणं. नालाबांध. पाझर तलाव. मुकादम. हजेरीचं मस्टर. छावणी. 'गाव सोडणं' हा शब्द करगणीच्या एकानं सांगितला. त्याचे आजोबा त्या वर्षी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात कुणाच्या तरी ओळखीनं पार तमिळ मुलखात गेले आणि मग फक्त यात्रेलाच परतले. आमच्या भागातल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे. देशातल्या कुठल्याही सराफ कट्ट्यावर गलाईवाला माणदेशी निघतो, त्यामागं अशी कोरडी वर्षं आहेत.

उजवी बाजू रिकामीच होती. "दुष्काळाला इंग्रजीत काय म्हणतात?" मी विचारलं. "फॅमिन," झरे म्हणाली. बरोबर. "मग ग्रंथालयात फॅमिन टाकून शोधा." शोधलं. नोंदी आल्या, पण सगळ्या इंग्रजांच्या काळातल्या: १८७६ ते ७८चा दुष्काळ, १८८०चा फॅमिन कमिशनचा अहवाल, १८९६, १८९९. आज्जीच्या दुष्काळाचा पत्ता नाही.

हे का झालं, ते सांगायची मी वाटच बघत होते. १९६३ साली महाराष्ट्रानं एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकायचा कायदा. शेतीच्या परिस्थितीवर सरकारची सतत नजर असते, टंचाईची चिन्हं दिसताच मदतीचे उपाय केले जातात, तेव्हा फॅमिनची वेळ येण्याला आता वावच नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. उरला तो शब्द 'स्केअर्सिटी', म्हणजे टंचाई. आणि त्यानंतर नऊच वर्षांनी बहात्तर उजाडलं. त्यामुळे सरकारी अहवालात, आकडेवारीत, बैठकांच्या टिपणांत जे आहे ते टंचाई, टंचाईग्रस्त, टंचाई-निवारणाची कामं. १९७३चा जो तथ्यशोधन समितीचा अहवाल आहे, तोही टंचाईग्रस्त भागांच्या पाहणीचा. आजही बातम्यांत 'टंचाईसदृश परिस्थिती' वाचतो, त्याचं मूळ बरंच मागं आहे.

वर्ग जरा वेळ गप्प बसला. मग दिघंची म्हणाला, "म्हंजे मॅडम, माझी आज्जी दुष्काळात न्हवतीच. टंचाईत हुती."

सगळे हसले. मीही हसले. पण ग्रंथालयाची भेट म्हणजे काय, हे मी सहा व्याख्यानांत सांगू शकले नसते ते त्यानं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. उजव्या रकान्यात पहिला शब्द पडला.

मग रकाना भरत गेला. खडी फोडणं म्हणजे 'रिलीफ वर्क्स'. मुकादमाचं मस्टर म्हणजे 'अटेंडन्स ऑन वर्क्स'. मिलो म्हणजे धान्य-आयातीचे तक्ते. छावणी म्हणजे 'कॅटल कॅम्प्स'. गाव सोडणं म्हणजे 'मायग्रेशन', आणि त्यासाठी १९७१च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका. ती मोजणी बरोबर कोरड्या वर्षांच्या मधोमध झाली होती. सालाचाही घोळ निघाला. घरात सगळे 'बहात्तर' म्हणतात. अभ्यासक लिहितात ते १९७०-७३, कारण एक नाही, लागोपाठ तीन वर्षं गेली आणि बहात्तरच्या पावसानं कळस केला.

गावाच्या नावातही घोळ. आमचा आटपाडी भाग १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता. पुढे दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६०च्या शेवटी त्याचंच नाव सांगली पडलं. म्हणजे पणजीच्या वेळचा दुष्काळ हवा असेल तर औंध शोधायचं आणि १८८५चं साताऱ्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, काढायचं; पन्नास-बावन्नची हकिकत दक्षिण साताऱ्यात. आणि सांगलीचं राज्य गॅझेटिअर हातात घेऊन बहात्तर शोधायला बसलात तर दिवस फुकट गेला. ते १९६९चं आहे. छापून झाल्यावर दुष्काळ पडला. हे मी मुलांना आधी सांगितलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातला खंड दिला आणि शोधू दिलं. पाऊण तासानं नेलकरंजीनं शीर्षकपानावरचं साल वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या वाट्याचा चहा सांडलाय. त्यानंतर मात्र वर्गातलं एकही पोर पुस्तक उघडताना साल बघायचं विसरलं नाही.

मराठी पुस्तकांची गंमत निराळीच. आमच्याकडच्या यादीत जुन्या नोंदी कधीतरी कुणीतरी रोमन लिपीत चढवल्यात. त्यामुळे 'दुष्काळ'ची चार स्पेलिंगं आहेत, आणि प्रत्येक स्पेलिंगखाली एकेक पुस्तक एकटंच बसलेलं आहे. एका शब्दानं सापडलं नाही म्हणजे पुस्तक नाही असं समजायचं नाही. निदान चार दारं वाजवायची.

घरचा शब्द तेवढा खरा आणि कपाटातला म्हणजे सरकारी थापा, असंही मुलांना वाटू द्यायचं नव्हतं. नव्या उत्साहात ती तिकडे झुकायला लागली होती. तेवढ्यात दिघंचीच्या आजोबांनी मदत केली. त्यांनी ठासून सांगितलं होतं की गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, बहात्तरला मिलोच्या पोत्यांतून आलं. वर्गातल्या आणखी सहा जणांच्या घरी हेच सांगतात. मी म्हटलं, तपासा. याचं कपाट वनस्पतिशास्त्राचं. तिथं कळलं की या गवताची भारतातली नोंद पुण्याची आणि १९५०च्या दशकातली आहे. १९५६ साली ती छापूनही आली होती. आयात धान्याबरोबर आलं असं म्हणतात खरं, पण मग आधीच्या धान्याबरोबर. मिलो निर्दोष. दिघंचीनं ही बातमी घरी नेली आणि आजोबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत म्हणे.

हेही तयारीतच धरायचं, असं मी ठरवलं.

आता कपाटांचे नंबर. आमच्या ग्रंथपाल सरांना मी महिनाभर आधीच कामाला जुंपलं होतं. सर ड्यूईभक्त. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन माणसानं १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा भाग केले, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा, आणि गरज लागेल तसं टिंब देऊन पुढे. इतिहासाचा नऊशे, त्यात भारत ९५४, त्यात महाराष्ट्र ९५४.७९२. मुलांना वाटलं, इतिहासाचा प्रकल्प, म्हणजे आपण ९५४समोर ठिय्या द्यायचा.

सरांनी त्यांना सगळ्या ग्रंथालयातून वणवण फिरवलं. उपासमार आणि अन्नपुरवठा ३६३.८. अवर्षण ही आपत्ती म्हणून ३६३.३४९२९. पाऊस का पडला नाही ते हवामानशास्त्रात, ५५१मध्ये. धरणं, बंधारे, पाणी देण्याच्या पद्धती सहाशेत. शेतीचं अर्थकारण ३३८. आमच्याच मातीवर लिहिलेल्या कादंबऱ्या ८९१.४६३. एका आज्जीचा एक दुष्काळ, आणि त्याचे तुकडे पाच कपाटांत. "कुणी ठरवलं हे?" झरेनं जरा रागानंच विचारलं. राग योग्य होता. ज्यानं ठरवलं त्याला दुष्काळ हा शेतकऱ्याच्या घरातून बघायचा नव्हता. पण तक्रार करून पुस्तक सापडत नाही, नंबर कळल्यावर सापडतं.

आणि तिथंच एक अडचण आली, जिचा मी विचारच केला नव्हता. कपाटाच्या फळीवर ३६३.३४९२९ आधी की ३६३.८ आधी? चौदाच्या चौदा जणांनी सांगितलं, ३६३.८ आधी. आठ लहान, चौतीस हजार नऊशे एकोणतीस मोठं. करगणीचा एक म्हणाला, "सातबाऱ्यासारखं हाय की मॅडम, गट नंबर आणि त्याचा हिस्सा." मला ते इतकं आवडलं की मी लगेच हो म्हटलं, आणि चुकले. हिस्से एक, दोन करत नऊनंतर दहा असे जातात. दशांश तसे जात नाहीत. सर शांतपणे म्हणाले, "शब्दकोश आठवा. 'कमळ' आधी का 'कप'? अक्षर अक्षर बघत जाता ना? तसंच. टिंबानंतर पहिलं घर बघायचं. तीन आधी, आठ नंतर. पुढं कितीका शेपूट असंना." मग त्यांनी वीस पुस्तकं ट्रॉलीवर टाकली आणि लावायला सांगितली. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. चौथ्या दिवशी सहा मिनिटं. करगणीचे दोघं घड्याळ लावून शर्यत खेळायला लागले.

या ओघात सरांनी रंगनाथनांची गोष्टही सांगितली. ती ते दरवर्षी १२ ऑगस्टला, रंगनाथनांच्या जन्मदिवशी, रिकाम्या खुर्च्यांना सांगतात. आज चौदा श्रोते मिळाल्यावर त्यांची कळी खुलली. शि. रा. रंगनाथन हे मद्रासचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला त्या रिकाम्या शांततेला इतके कंटाळले की परत शिकवायला जायचं म्हणत होते. पुढं लंडनला शिकायला गेले. एका दुकानात मेकॅनोचा खेळ बघितला. तेच थोडे तुकडे, पण जोडाल तशी नवी वस्तू तयार. त्यावरून त्यांना स्वतःची वर्गीकरणाची पद्धत सुचली आणि १९३३ मध्ये ती छापून आली. तीत विषयाचे तुकडे जोडता येतात. झरेचा राग त्यांना नक्की समजला असता. त्यांचे पाच नियम १९३१चे. त्यातला चौथा सरांनी भिंतीवर लावलाय: वाचकाचा वेळ वाचवा. "नियम ग्रंथपालाला आहे," सर म्हणाले, "पण वाचकानं स्वतःचाही थोडा वाचवावा."

म्हणून प्रश्न बारीक करायला घेतले. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं. दोघादोघांच्या सात जोड्या, प्रत्येक जोडीला एकच प्रश्न, कारण कोल्हापुरात हातात पाच तास. 'दुष्काळाचे परिणाम' खोडला. 'सरकारने काय केले' खोडला. खरसुंडी आणि झरेचा प्रश्न चार वेळा लिहून झाल्यावर असा उतरला: १९७३च्या उन्हाळ्यात टंचाईच्या कामांवर किती माणसं होती, आणि त्यात बायका किती? नेलकरंजीचा: त्या वर्षी मे महिन्यात वर्तमानपत्रांनी आमच्या भागाविषयी काय छापलं? दिघंचीनं रोजगार हमी घेतली. ती योजना जिथून निघाली ते आमच्या शेजारीच आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात आधी प्रयोग केला, दुष्काळात त्याचं मोल कळलं, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. जगभरचे अर्थतज्ज्ञ ज्यावर लिहितात ती गोष्ट दिघंचीपासून एसटीच्या दोन तिकिटांवर सुरू झाली होती.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाची यादी घरबसल्या बघता येते. जायच्या आठवडाभर आधी प्रत्येक जोडीनं दहा चिठ्ठ्या तयार केल्या. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, लेखक, साल, आणि ठळक अक्षरांत बोधांक, म्हणजे कपाटातला नंबर. आम्ही काय शोधतोय, किती जण आहोत, कुठली नियतकालिकं बघायची आहेत, असं सविस्तर पत्र मी पंधरा दिवस आधी पाठवलं. बांधीव फाइली आतून काढून आणायला माणूस लागतो, वेळ लागतो. आपण दारात उभं राहून 'जुने पेपर दाखवा' म्हणणं म्हणजे पाहुण्यानं जेवणाच्या वेळी निरोप न देता चौदा माणसं घेऊन येणं.

तरी एक गोष्ट राहिलीच होती. ती कळली केवळ योगायोगानं. मधल्या सुट्टीत झरे हळूच म्हणाली, "मॅडम, तितं मराठीत बोललं तर चालतं का?"

हे मला आधीच सुचायला हवं होतं. मीही कधीतरी एका खेड्यातून येऊन अशाच काचेच्या दारासमोर उभी राहिले होते. तिथल्या माणसाला काय विचारायचं हे ठाऊक असूनही विचारता न आल्यानं पाणी पिऊन परत गेले होते. माणूस पुस्तकाला घाबरत नाही हो, काउंटरला घाबरतो. मुलांच्या मनात काय काय होतं ते मग बाहेर पडलं. गणवेश घालायचा का? चप्पल काढायची का? चुकीचं पुस्तक मागितलं तर ओरडतात का? इंग्रजी वाचताना अडलं तर? एकीनं विचारलं, की आपण तिथले विद्यार्थी नाही, मग आपल्याला आत बसायचा हक्क आहे का? हा प्रश्न मी विसरलेली नाही. आपलं कॉलेज शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आहे, तुमच्या पदवीवर त्याच विद्यापीठाचं नाव येणार आहे, हे मी सांगितलं. तिला ते बातमीसारखं वाटलं.

मग आम्ही नाटक केलं. ग्रंथपाल सर झाले विद्यापीठाचे ग्रंथपाल. त्यांनी चश्मा नाकावर उतरवला, आवाज चढवला, आणि इतका छान खडूसपणा केला की मला त्यांची कायमची भीती बसली. मुलांनी एकेक करून टेबलापुढं जायचं, नाव-कॉलेज सांगायचं आणि एक पूर्ण वाक्य बोलायचं: "मी अमुक प्रश्नावर काम करतेय, हे-हे बघून झालंय, याच्यापुढं कुठं बघू?" यातलं मधलं वाक्य महत्त्वाचं. काय बघून झालंय हे सांगणाऱ्याला कुणीही परत पाठवत नाही. करगणीचा एक तीनदा अडखळला. चौथ्यांदा म्हणाला, "सर, मला पाझर तलावाचं बघायचंय आणि मला भ्या वाटतंय." सरांनी चश्मा काढला आणि नाटक तिथंच संपलं.

किरकोळ सूचना शेवटच्या दिवशी पाच मिनिटांत उरकल्या. वही आणि पेन्सिल हातात, बाकी सगळं बॅगेत, टोकन हरवायचं नाही. जुन्या कागदाजवळ शाईचं पेन नको. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही; दिघंचीकडे बघून हे दोनदा सांगितलं. फोटो काढायचा तर आधी विचारायचं. पुस्तक बघून झालं की फळीवर परत ठेवायचं नाही, टेबलावरच ठेवायचं. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक चोरीला गेल्यासारखंच, फक्त चोर सापडत नाही. आणि टिपण लिहिण्याआधी कुठून घेतलं ते लिहायचं. 'वर्तमानपत्रात आले आहे' असं लिहिलेली वही मी परत करणार.

पहाटेच्या गाडीनं निघालो. विट्यापर्यंत सगळे झोपले होते. पुढे उसाचे मळे सुरू झाले तसे एकेक जागे होऊन खिडकीला लागले. विद्यापीठाच्या आवारात महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर फोटो झाला. फोटोला माझा विरोध कधीच नव्हता.

आतल्या पाच तासांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच मला हवं होतं. मुलांनी चिठ्ठ्या काढल्या, मुलं कपाटांकडे गेली. करगणीचा तो पोरगा काउंटरवर गेला आणि मराठीत बोलला. मी लांबून बघत होते. त्याच्या पाठीवरूनच कळलं, जमलं. नेलकरंजी वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडापुढे बसला. दोन्ही हातांनी पान उचलून अलगद पालटत होता, घरातलं तान्हं पोर कुशीवर वळवावं तसं. जवळ जाऊन बघते तर हा सिनेमाच्या जाहिराती वाचतोय. शेजारी डिझेल इंजिनांच्या जाहिराती. चाळीस मिनिटं त्यातच गेली होती. मी काही बोलले नाही. दुष्काळातही लोक सिनेमाला जात होते आणि इंजिनं विकली जात होती, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पुढच्या दोन तासांत त्यानं एकच बातमी उतरवून घेतली. पण वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान, रकाना, सगळं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला खरसुंडीनं मला खुणेनं बोलावलं. तिच्यापुढे इंग्रजी पुस्तक उघडं होतं आणि पेन्सिलचं टोक एका वाक्याखाली हवेत धरलेलं. टंचाईच्या कामांवरची हजेरी १९७३च्या मे महिन्यात सगळ्यात जास्त होती, जवळपास पन्नास लाख माणसं.

"मॅडम," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ह्यात आज्जी धरलीय का?"

"धरलीय," मी म्हटलं. "मस्टरवर अंगठा असला तर धरलीय."

ती त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसली. मग चिठ्ठीवर आधी पुस्तकाचं नाव लिहिलं, पान लिहिलं, आणि मग आकडा.

घरी जाऊन तिनं आज्जीला सगळं वाचून दाखवलं. पन्नास लाखांचं आज्जीला काही वाटलं नाही. आपल्या कामावर किती होते ते तिला नेमकं आठवत होतं. तीन वर्षांचं ऐकल्यावर मात्र म्हणाली, "तेच खरं हाय. सत्तरलाच बाजरी गेल्ती. बहात्तरला काय, सगळ्यांचीच गेली, म्हणून नाव झालं."

मुलांनी केलेल्या चौदा मुलाखती आम्ही टाइप करून बांधून घेतल्या आणि कॉलेजच्या ग्रंथालयात दिल्या. सरांनी पुस्तकासारखा दाखल अंक टाकला आणि विचारलं, नंबर काय लावू? ९५४.७९२ की ३६३.८? यावर एक अख्खा तास भांडण झालं. झरेचं म्हणणं, इतिहासात लावा. दिघंचीचं म्हणणं, अन्नात. शेवटी सरांनी ३६३.८ लावला, तोही पेन्सिलनं. खरसुंडीला नंबराशी देणंघेणं नव्हतं. ती सरांच्या खुर्चीमागं उभी राहून शोधशब्दांच्या रकान्यात एकेक शब्द घालून घेत होती. टंचाई. दुष्काळ. बहात्तर. खडी. सुकडी. मिलो.

परवा सहज मी त्या संगणकावर बसले आणि 'मिलो' टाइप केलं. शून्य नोंदी. चारदा टाकलं. मग ध्यानात आलं, सरांनी घाईत 'मीलो' लिहिलंय, दुसरी वेलांटी. दुरुस्त करा म्हणून सांगितलंय. या आठवड्यात करतो म्हणालेत.